फोटोत गाडी कोणाची?

गाडी अलिबागला दारात उभी असताना मोबाइलवर दादरच्या सिग्नलचं ई-चलन येऊन पडलं, की आजूबाजूचे एकच सल्ला देतात: भरून टाका, कशाला कटकट! सल्ला व्यवहारी वाटतो, पण तो चुकीचा आहे. चलन हा आरोप असतो, निकाल नव्हे. आणि आरोपाला पुरावा लागतो. केंद्र सरकारने २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला. कॅमेऱ्यावरून निघालेल्या चलनात नियमभंग आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, ठिकाण, तारीख, वेळ आणि लागू होणारं कलम हवं, असं तो सांगतो. यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं आणि नोटीस १५ दिवसांत धाडायची असते. म्हणून पैसे भरण्याआधी फोटो उघडून बघायचा. कारच्या मालकाला हेल्मेट नसल्याचा दंड लागल्याच्या बातम्या आपण हसून वाचतो. त्या चलनांचा फोटो कोणी नीट पाहिला असता, तर ती निघालीच नसती.

चूक होते कशी? मुंबई-गोवा महामार्गावर रायगडच्या एमएच ०६ आणि रत्नागिरीच्या एमएच ०८ गाड्या एकामागून एक धावतात. प्लेट चिखलाने माखलेली असली की सहाचा आठ व्हायला वेळ लागत नाही. त्यात ४१४१चा ‘दादा’ करून मिरवणारी हौस आहेच. पण खरा घोर आहे तो दुसऱ्याचा नंबर जाणूनबुजून लावणाऱ्यांचा. जानेवारी २०२१मध्ये मुंबईत रतन टाटांच्या गाडीच्या नावावर तिने न केलेल्या नियमभंगाची चलनं आल्याचं उघड झालं. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासला, तेव्हा अंकशास्त्रावर भरवसा ठेवून तोच नंबर लावलेली दुसरी गाडी सापडली आणि चलनं तिच्याकडे वळवली गेली. जानेवारी २०२५मध्ये ताज हॉटेलसमोर, म्हणजे मांडव्याच्या बोटी सुटतात तिथून चार पावलांवर, एकाच नंबरच्या दोन अर्टिगा सापडल्या. कर्जाचे हप्ते थकल्याने वसुलीवाल्यांना चुकवायला एकाने आपल्या नंबरातला एक आकडा बदलला होता. त्याची चलनं भलत्याच टॅक्सीवाल्याला येत होती; त्याने आधी तक्रारही केली होती. टाटांच्या बाबतीत पोलिसांनी चोर शोधला, टॅक्सीवाल्याला तो स्वतःच गाठावा लागला. हा फरक बोलका आहे.

पाचशे रुपयांसाठी मुंबईला खेटे घालणं परवडत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्हा तडजोडीने मिटवणं. त्यामुळे ‘ती गाडी माझीच’ अशी नोंद राहते आणि नकली प्लेटवाला मोकळा फिरतो. आज त्याने सिग्नल तोडला, उद्या कोणाला उडवून पळाला तर पोलीस तुमच्या दारात उभे राहतील. लोक अदालतीत सवलत मिळते खरी, पण तीही तडजोडच. गाडी कोणाची, याचा निवाडा तिथे होत नाही आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नसतं.

दुसरा आक्षेप पोलिसांचा: प्रत्येक जण ‘मी नव्हेच’ म्हणतो. यातही तथ्य आहे. गाडी पुतण्याने नेली होती, एवढ्याने चलन चुकीचं ठरत नाही. विचारलं तर चालकाची माहिती देणं कलम १३३नुसार मालकाचं कर्तव्य आहे. विकलेल्या गाडीचं चलन आलं, तर निम्मा दोष आपलाच. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सह्या करून, चहा पिऊन सौदा संपतो. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. पण खोटी सबब सांगणारे आहेत म्हणूनच फोटोला महत्त्व. कंपनी, रंग, मॉडेल, टपावरचा कॅरिअर, काचेवरचं स्टिकर यांत खोटं बोलायला जागा फार थोडी.

लढायचं तर आधी चलन खरं आहे का ते पाहावं. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नये, ती खातं रिकामं करायला पाठवलेली असते. गाडीचा नंबर महाट्रॅफिक अॅपवर स्वतः टाकून बघावा. तक्रारीचीही सोय तिथेच आहे. सोबत आपल्या गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, आरसी आणि त्या दिवसाचा माग जोडावा: फास्टॅगचा उतारा, गॅरेजचं बिल, गाडी चढवली असेल तर मांडवा रो-रोचं तिकीट. नकली प्लेटचा संशय असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. चलन कोणी केलं तेही बघावं, कारण उरण आणि पनवेल तालुके रायगड जिल्ह्यात असले तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस, दादरला मुंबई वाहतूक पोलीस. मुरुडच्या मच्छीविक्रेत्याने हा नकाशा पाठ का करावा? कॅमेरा मुंबईतून मुरुडचा पत्ता शोधू शकतो, तर अलिबागच्या वाहतूक शाखेतल्या हवालदाराला तोच फोटो उघडून, दारात आणलेल्या गाडीशी ताडून चलन तिथल्या तिथे स्थगित करता आलं पाहिजे.