भाषांतर झाले, पारख बाकी

चाळणी म्हणजे निदान नव्हे. मानसिक आजाराची चाळणी करणारी प्रश्नावली फक्त कोणाची सविस्तर तपासणी हवी ते सांगते. आजार ठरतो तो मुलाखतीत.

पीएचक्यू-९ : नैराश्यासाठी ९ प्रश्न, मागील २ आठवड्यांबद्दल. गुण ० ते २७. रूढ सीमारेषा १०. पण ती सगळीकडे लागू पडतेच असे नाही.

झिम्बाब्वेचा धडा : शोना भाषेत लोक मनाच्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. १९९० च्या दशकात हरारेत डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी बाहेरची यादी भाषांतरित करण्याऐवजी अशा स्थानिक शब्दांतूनच प्रश्नावली बांधली. १४ प्रश्न, मागील आठवड्याबद्दल, उत्तर हो किंवा नाही. ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमात आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या प्रशिक्षित आजी समुपदेशन करतात. तिथे हीच प्रश्नावली वापरतात. 

भाषांतरित प्रश्नावलीची पारख कशी होते?
- दोन स्वतंत्र भाषांतरे, मग मूळ भाषेत उलट भाषांतर.
- गावातल्या माणसांना विचारणे : ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?’ हा टप्पा वगळला तर पुढचे आकडे फसवे ठरतात.
- प्रश्नावली भरलेल्या व्यक्तींची तज्ज्ञाकडून मुलाखत, त्याला प्रश्नावलीचे गुण न सांगता.

दोन मापे : संवेदनशीलता म्हणजे आजारी असलेल्यांपैकी किती सापडले. विशिष्टता म्हणजे निरोगी असलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले. सीमारेषा खाली आणली की पहिले माप वाढते, दुसरे घटते.

मनाच्या त्रासासाठी तातडीची मदत : टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६. २४ तास, मोफत, मराठीतही.