मुंबई ते लंडन : तिकिटावरचे तास आणि देहाचे तास

लेकीकडे वा मुलाकडे लंडनला जाण्याचे ठरले, की तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करून पुष्कळ जण म्हणतात, ‘पाच तासांचा तर प्रवास!’ ही वजाबाकी फसवी आहे. सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची लंडनची. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून थेट विमानाला साधारणतः साडेनऊ-दहा तास लागतात. परतताना उंचावरील पश्चिमी वारे पाठीशी असल्याने थोडा वेळ वाचतो.

ज्येष्ठांनी मात्र हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावा. पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत मोटारीने चार तास, उड्डाणापूर्वीचे तीन, विमानातील दहा आणि उतरल्यावर पासपोर्ट-तपासणी, सामान व घर गाठणे यांचे तीन. वीस तास झाले, आणि त्यांतील बहुतेक बसून!

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून मधल्या वाटेलगतचे आसन घ्यावे, तास-दीड तासाने उठावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून पाणी टाळणे ही आपल्या वडीलधाऱ्यांची जुनी सवय; येथे ती घातक ठरू शकते. विमानातील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका, म्हणजे महाबळेश्वरहूनही बराच विरळ असतो. हृदय वा फुप्फुसांचा विकार असल्यास प्राणवायूची गरज लागेल का, हे तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नये.

खरा घोळ होतो तो औषधांच्या वेळांचा. पश्चिमेस जाताना आपला दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, परतताना तेवढाच आखूड होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तिकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि कोणती मात्रा केव्हा घ्यायची, हे भारतीय वेळेनुसार लिहून आणावे. पोहोचेपर्यंत मनगटावरचे घड्याळ बदलू नये. इन्सुलिन सामानकक्षात गोठू शकते. ते आणि सर्व औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीतच असावीत.

चाकांची खुर्ची मागणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. मोठ्या विमानतळावर सहज किलोमीटरभर चालावे लागते, रांगेत उभे राहावे लागते ते वेगळेच. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, खुर्चीची नोंद मुलांकडून करून घ्यावी.