तारेची आस लांबवायची, तर कंप्रेसर कोणता घ्यावा?

मीरा रोडच्या पाचव्या मजल्यावर रात्री साडेनऊला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, तर ॲम्पचा आवाज दोनच्या पुढे नेता येत नाही. भिंतीपलीकडे कुणाचं बाळ झोपलेलं असतं, खालच्या घरात कुणी दहावीचा अभ्यास करत असतं. एवढ्या आवाजात एखाद्या भावगीताची चाल क्लीन टोनवर वाजवायला घ्या. गायक जिथे स्वर लांबवतो, तिथे आपली तार अर्ध्या वाटेवर विझते. मोठ्या मंचावर असं होत नाही. तिथे स्पीकरचा दणका तारांपर्यंत पोहोचून त्यांना पुन्हा हलवतो आणि स्वर टिकून राहतो. घरच्या आवाजात तो आधार नसतो. म्हणून सोसायटीत राहून गिटार वाजवणाऱ्यांना कंप्रेसर पेडलची गरज लवकर भासते. खर्च बेताचा ठेवून ते नीट कसं निवडायचं, ते क्रमाने पाहू.

आस म्हणजे काय

सतार-सरोद वाजवणाऱ्यांकडे सस्टेनसाठी जुना आणि नेमका शब्द आहे: आस. तार छेडल्यावर नाद जितका वेळ टिकतो, ती तिची आस. मींड घेताना एकाच आघातावर पुढचे दोन-तीन स्वर ओढून काढायचे असतात आणि तोवर नाद जिवंत राहावा लागतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर रागसंगीत वाजवलं, तेही तारेवर धातूची कांडी सरकवून. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७चा अल्बम लक्ष देऊन ऐका. गिटारचा स्वर किती लांब आणि किती सलग जाऊ शकतो, ते त्यात कळतं.

आस आधी वाद्यात असावी लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीची जवारी काढताना पृष्ठभाग हलक्या हाताने घासतात, तार छेडून ऐकतात आणि पुन्हा घासतात. जवारी बिघडली की नाद दबतो. मग बाहेरून कितीही मोठा आवाज जोडला, तरी तो दबलेला नादच मोठा होतो. गिटारलाही हाच नियम लागू आहे.

कंप्रेसर नेमकं काय करतो

कंप्रेसरने तार जास्त वेळ कंप पावत नाही. तो आघाताचा मोठा आवाज दाबतो आणि मग सगळीच पातळी वर उचलतो. त्यामुळे विरत चाललेला स्वर कानाला जास्त वेळ ऐकू येतो.

एक हिशेब करू. कंप्रेसर ज्या पातळीपासून काम सुरू करतो तिला थ्रेशोल्ड म्हणतात. समजा, तुमचा आघात थ्रेशोल्डच्या २० डेसिबल वर गेला आणि रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१ आहे. बाहेर पडताना तो स्वर थ्रेशोल्डच्या फक्त ५ डेसिबल वर असेल. पुढे तार विरत विरत थ्रेशोल्डपर्यंत उतरते. प्रत्यक्षात ती २० डेसिबल खाली आलेली असते, पण कानाला उतार जाणवतो तो ५ डेसिबलचा. त्यानंतर लेव्हलचा नॉब वाढवून दाबलेली पातळी भरून काढली, की स्वराची शेपटी स्पष्ट होते. सस्टेन वाढतो तो असा.

इथेच एक फरक लक्षात घ्यावा. भरपूर गेनचं डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबून सपाट करतं. तुम्ही मुख्यतः हेवी टोनवर वाजवत असाल, तर कंप्रेसरने फारसा फरक पडणार नाही. त्याचा खरा उपयोग क्लीन किंवा जेमतेम करकरणाऱ्या टोनला होतो.

पेडल घेण्याआधी तार तपासा

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे आणि पश्चिमेला उत्तन-डोंगरीकडे थेट समुद्र. या दमट, खारट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. बोट फिरवून पाहा. तार खरखरीत लागली किंवा बोटाला काळं लागलं, तर तिची आस आधीच घटली आहे. अशा गिटारला पेडल जोडण्याऐवजी आधी तारांचा नवा संच लावा. वाजवून झाल्यावर सुक्या सुती कापडाने तारा पुसण्याची सवय ठेवली, तर संच जास्त दिवस टिकतो.

मग तारांची उंची पाहा. तारा फार खाली असतील तर त्या पुढच्या फ्रेटला घासतात, बारीक खर्र आवाज येतो आणि स्वर मरतो. पिकअप तारांच्या फार जवळ असेल, तर त्याचं चुंबक तारेला ओढून तिचं कंपन आखडतं. शेवटची फ्रेट दाबून धरल्यावर पिकअप आणि तार यांच्यात साधारण दोन-तीन मिलिमीटर जागा राहू द्या.

आता एक मोजणी करा. पंखा बंद करा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि तिसरी तार बाराव्या फ्रेटवर दाबून एकदाच छेडा. स्वर ऐकू येईनासा होईपर्यंतचे सेकंद वहीत लिहा. नव्या तारा लावून पुन्हा मोजा, उंची सुधारल्यावर पुन्हा मोजा. बऱ्याच जणांची निम्मी गरज इथेच भागते. मगच उरलेल्या गरजेसाठी पेडल पाहावं.

आणखी एक गोष्ट पैसे खर्च न करता करता येते. घरात मल्टीइफेक्ट असेल, तर त्यात कंप्रेसर बहुधा असतोच. संगणकावर किंवा फोनवर रेकॉर्डिंग करत असाल, तर गॅरेजबँडमध्ये किंवा रीपरमध्येही तो आहे. आठवडाभर त्यावर वाजवा. हा परिणाम आपल्याला खरंच आवडतो का, ते तेवढ्यात कळेल.

कोणते नॉब हवेत

सगळ्यात साध्या कंप्रेसरवर दोनच नॉब असतात. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या रोचेस्टर शहरातल्या एमएक्सआर कंपनीने आणलेला डायना कॉम्प हा त्याचा नमुना आहे: एक नॉब सेन्सिटिव्हिटीचा, दुसरा आउटपुटचा. दाब किती आणि बाहेर पडणारा आवाज किती, एवढंच ठरवायचं. आजच्या अनेक स्वस्त पेडल्सचा आराखडा याच घराण्यातला आहे.

तिसरा नॉब अटॅकचा. आघात झाल्यावर कंप्रेसर किती वेगाने दाबायला लागतो, ते तो ठरवतो. अटॅक झटपट असेल तर प्लेक्ट्रमचा टणत्कार दबून स्वर मऊ होतो. तो सावकाश असेल तर टणत्कार आधी निसटतो आणि दाब नंतर येतो, त्यामुळे आघात जिवंत राहतो. सस्टेनसाठी पेडल घेणाऱ्याला हा नॉब हवाच, असं माझं ठाम मत आहे. तो नसेल तर स्वर लांबतो, पण बोटांचा जोर-हळू फरक हरवून सगळं एकाच पातळीवर येतं.

चौथा उपयोगी नॉब ब्लेंडचा. त्याने दाबलेला आवाज आणि मूळ आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. टणत्कार मूळ आवाजातून मिळतो आणि शेपटी दाबलेल्या आवाजातून. टोनचा नॉब असेल तर चांगलंच, कारण दाबल्यावर आवाज थोडा मंद वाटतो आणि टोनने त्याला पुन्हा धार आणता येते.

परवडणारे पर्याय

बॉसचा सीएस-३ १९८६पासून बाजारात आहे. त्यावर लेव्हल, टोन, अटॅक आणि सस्टेन असे चार नॉब आहेत आणि त्याचं धातूचं अंग वर्षानुवर्षं टिकतं. नवा घेणं जड वाटत असेल तर तो वापरलेला शोधावा. इतकी वर्षं बनत असल्याने वापरलेले नग मिळत राहतात.

बेहरिंगरच्या सीएस४००वर हेच चार नॉब आहेत आणि किंमत बॉसच्या निम्म्याहूनही कमी असते. त्याचं अंग प्लास्टिकचं आहे. घरी टेबलावर किंवा जमिनीवर वापरायला ते पुरेसं आहे. दर आठवड्याला कार्यक्रमाला नेऊन पायाने दाबायचं असेल, तर मात्र जपावं लागेल.

मूअरचा यलो कॉम्प तळहातावर मावणारा आहे. तो ऑप्टिकल प्रकारचा आहे, म्हणजे त्याच्या आत प्रकाश आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा घटक मिळून आवाज दाबतात. असा दाब हळुवार वाटतो आणि गाण्याची चाल वाजवायला शोभतो. त्यावर स्वतंत्र अटॅक नाही, पण ऑप्टिकल दाब मुळातच सौम्य असल्याने उणीव कमी जाणवते. या छोट्या पेडलमध्ये बॅटरी बसत नाही, त्यामुळे ॲडॉप्टरचा खर्च धरूनच चला.

थोडे जास्त पैसे काढता येत असतील, तर टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हायपरग्रॅव्हिटीवर सस्टेन, लेव्हल, अटॅक आणि ब्लेंड हे चारही नॉब एकत्र मिळतात.

गुणगुणीचा बंदोबस्त

स्वर विरत जाताना कंप्रेसर दाब सोडतो, त्यामुळे मागचा सगळा आवाज वर येतो. त्या आवाजात तुमची तार असते, तशी विजेची गुणगुणही असते. माझ्या पहिल्या कंप्रेसरचा सस्टेन मी पूर्ण उजवीकडे ठेवत असे. स्वर लांबायचा, पण दोन ओळींच्या मधल्या शांततेत गुणगुण फुगून यायची आणि गाण्याचा श्वासच नाहीसा व्हायचा. नॉब अर्ध्यावर आणला तेव्हा पहिल्यांदा ती चाल गाण्यासारखी वाटली.

यासाठी काही साधे उपाय आहेत. ॲम्प तीन पिनांच्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटमध्येच लावा. घराचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ते तुमच्या जिवाच्या सुरक्षेसाठीही गरजेचं आहे. गिटार घेऊन पंख्याच्या रेग्युलेटरपासून, ट्यूबलाइटपासून आणि चार्जरपासून दूर बसा. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला ॲडॉप्टर लागतो. मोबाइलसारख्या साध्या स्विचिंग ॲडॉप्टरपेक्षा पेडलसाठी बनवलेला ॲडॉप्टर घ्या. आवाज ॲडॉप्टरमुळे येतोय का, हे ओळखण्यासाठी पेडलमध्ये बॅटरी बसत असेल तर एकदा बॅटरीवर वाजवून पाहा.

साखळीत जागा कुठली

गिटार, मग ट्यूनर, मग कंप्रेसर, त्यानंतर ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिले हा क्रम बहुतेकांना लागू पडतो. कंप्रेसर ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला की ओव्हरड्राइव्हला एकसारखा आवाज मिळतो आणि सोलो सलग वाहतो. तो ओव्हरड्राइव्हच्या नंतर ठेवला, तर ओव्हरड्राइव्हची सळसळही दाबून वर उचलली जाते.

दुकानात पारख कशी करावी

शक्य असेल तर पेडल हातात घेऊन, वाजवूनच विकत घ्यावं. मरीन लाइन्सला उतरलं की धोबी तलाव चालत थोड्याच अंतरावर आहे. तिथल्या जेर महालमधलं फर्टाडोज हे १८६५पासूनचं वाद्यांचं दुकान मुंबईकरांना ठाऊक आहे. भाईंदरहून गिटार घेऊन निघायचं, तर सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकरानंतरची लोकल पकडा. विरारहून भरून आलेल्या गाडीत गिटारच्या मानेवर पडणारा दाब कुणाच्याच फायद्याचा नाही.

आपलीच गिटार न्या, कारण पिकअप बदलला की कंप्रेसरचा परिणामही बदलतो. ॲम्प क्लीन ठेवायला सांगा आणि आवाज घरच्याइतकाच ठेवा. पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी जुळवा, की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल. हे केलं नाही तर फसगत होते, कारण कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग एक स्वर हळू आणि एक जोरात वाजवा. दोन्ही अगदी सारखे ऐकू आले, तर दाब जास्त आहे. शेवटी काही न वाजवता पाच सेकंद थांबा आणि गुणगुण ऐका.

वापरलेलं पेडल घेताना प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐका, स्विच वीसेक वेळा दाबा आणि जॅक हलवून आवाज तुटतो का ते पाहा.

घरी पहिली मांडणी

सस्टेन घड्याळाच्या दहाच्या जागी, अटॅक मध्यावर, टोन मध्यावर आणि लेव्हल चालू-बंदला सारखी. इथून सुरुवात करा. बाराव्या फ्रेटवरची तीच तिसरी तार पुन्हा छेडा, स्टॉपवॉच लावा आणि आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. मग सस्टेन थोडा थोडा वाढवत न्या. ज्या क्षणी हळू आणि जोरातल्या आघातातला फरक पुसट व्हायला लागेल, तिथून नॉब किंचित मागे घ्या. तुमच्या गिटारसाठी, तुमच्या खोलीसाठी ती योग्य जागा आहे.

मग दिवसभर मनात घोळत असलेली चाल वाजवा, शेजारी झोपलेले असताना, त्याच हळू आवाजात. ओळीचा शेवटचा स्वर सोडा आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढची तार छेडू नका. चांगल्या तारेची आस आणि नेमका बसवलेला कंप्रेसर एकत्र आले, की गायकाचा श्वास संपतो तिथवर तो स्वर सोबत येतो.