ईथरला मच्छेचं ऊनही पुरतं

समुद्रकिनारी ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. बेळगावजवळचं मच्छे साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून इथे त्याला ३२ अंशही पुरतात. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पारा पस्तिशीला टेकतो. खानापूर रस्त्यालगतच्या एखाद्या तापलेल्या शेडमध्ये ईथरची बाटली उघडली, तर ते आपणहूनच उकळायला लागेल. बर्नर हवाय कुणाला!

पेट घेते ती वाफ, द्रव नव्हे. ठिणगी पडताच वाफेचा भडका उडेल इतकी वाफ ज्या किमान तापमानाला सुटते, तो फ्लॅश पॉइंट. एसीटोनचा उणे २० च्या आसपास, ईथरचा उणे ४५. म्हणजे बर्फात ठेवलं तरी धोका आहेच. शिवाय ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, टेबलावरून सरपटत जाते.

बी.एस्सी.ला असताना हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. एका मुलाने चंचुपात्रात ईथर ओतलं. बर्नर पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तोही दुसऱ्याच कुणाचा. निळसर ज्योत टेबलावरून उलटी धावत आली नि पात्राच्या तोंडाशी थांबली. सरांनी वर घड्याळकाच ठेवली, ज्योत विझली. ओरडले मात्र नंतर, आणि भरपूर.

ज्योत नाही म्हणून हॉट प्लेटवर विसंबणंही चूक. ईथरची वाफ १६० अंशांच्या आसपास ठिणगीविनाच पेटते आणि तापलेली प्लेट त्याच्या कितीतरी पुढे जाते. जुन्या प्लेटच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच.

वॉटर बाथ बरा, कारण पाणी शंभरच्या वर जाऊच शकत नाही. मच्छेत तर सत्त्याण्णवलाच उकळतं. चंबूवर कंडेन्सर हवा, पाणी खालच्या नळीतून आत. नळ मध्येच गेला तर वाफ थेट खोलीत, आणि आपल्याकडच्या नळाचा भरवसा कोण देणार? चिनीमातीचे तुकडे आधीच टाकायचे. तापलेल्या द्रवात टाकले की तो फसफसून बाहेर येतो. आणि वरचं तोंड बुचाने बंद करायचं नाही, नाहीतर चंबूच फुटेल.

ईथर असलं की सर आमच्या खोलीत काहीच पेटवू देत नसत. पाणी शेजारच्या खोलीत तापायचं. शिपाईमामा किटली घेऊन यायचे, बाथमध्ये ओतायचे, आणि आम्ही पाणी निवायच्या आत ऊर्ध्वपातन उरकायचो.