भर उन्हात पेटलेला माणूस

पिंक फ्लॉइडच्या १९७५च्या ‘विश यू वेअर हिअर’मधली गाणी पाठ असणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वर्षानुवर्षं छळलंय ते त्या रेकॉर्डच्या कव्हरनं. लख्ख ऊन, बर्बँकच्या फिल्म स्टुडिओतला मोकळा रस्ता, हात मिळवणारे दोन सूटवाले, आणि त्यातला एक चक्क पेटलेला. भर उन्हात ही आग इतकी ठसठशीत दिसते कशी?

फोटोवाल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: फ्लॅश मारायचा. पण ज्वाळा बाहेरच्या उजेडानं दिसत नाही. तिच्यातले काजळीचे कण तापून स्वतःच उजळतात. शटरचा वेग वाढवून ऊन दाबलं, तर ज्वाळाही तेवढीच दबते. फ्लॅश क्षणात चमकून जातो, त्याला या वेगाशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून सगळं दृश्य ज्वाळेच्या मापानं काळवंडू द्यायचं आणि माणूस तेवढा फ्लॅशनं वाचवायचा, इतकाच त्याचा उपयोग.

उलट फ्लॅशमुळे ज्वाळेची सावली पडते! १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यात प्रखर दिव्यासमोर ज्योत धरून त्यानं तिची सावली दाखवली. ज्योतीत जिथे सर्वात जास्त तेज, तिथेच सावली सर्वात काळी. उजळणारी काजळीच उजेड अडवते. समई उन्हात ठेवून कुणीही पाहावं.

आणि काजळीच नसेल तर? १९८१च्या इंडियानापोलिस शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल पेटलं. चित्रफितीत माणसं नुसती हातवारे करत पळताना दिसतात. आगीचा पत्ता नाही.

कव्हरवरची आग तशी नव्हती. ती चांगली नारिंगी आणि खरीखुरी होती. कल्पना ‘हिप्नोसिस’ या कव्हरं करणाऱ्या डिझाइन संस्थेच्या स्टॉर्म थॉरगर्सनची, कॅमेरा त्याचा जोडीदार ऑब्री पॉवेलचा. पण माझ्या लेखी चित्र पेटलेल्या रॉनी रॉन्डेलचं. १९७० साली ‘स्टंट्स अनलिमिटेड’ काढणाऱ्या तिघांपैकी हा एक. सूटखाली आगरोधक पोशाख, डोक्यावर टोप. स्टंटमध्ये पेटलेला माणूस सहसा पळतो, म्हणजे ज्वाळा मागे राहतात. इथे मात्र दुसऱ्या सूटवाल्याचा, डॅनी रॉजर्सचा, हात धरून शिस्तीत उभं राहायचं होतं, वाऱ्याच्या भरवशावर.

तो भरवसा फसला. ज्वाळा तोंडावर आल्या, मिशी होरपळली. मिशीबद्दल एकमत आहे, वाऱ्याबद्दल नाही. एका हकिकतीत वारा सुरुवातीलाच उलटा होता. म्हणून दोघांनी जागा बदलल्या आणि फोटो नंतर उलटवून छापला. पॉवेलच्या आठवणीत मात्र झोत आला तो रॉन्डेलला पुन्हा पुन्हा पेटवून झाल्यावर, अगदी शेवटी. पॉवेलची हकिकत ऐकायला जास्त रंगतदार आहे, पण मला पहिली पटते. जागा का बदलल्या, याचं कारण फक्त तिच्यातच सापडतं.