फोन स्वस्त झाला, पण ओल्या हाताला चालतो का?



३१ जुलैपर्यंत दर्या बंद. होड्या वर ओढून ठेवल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत, इंजिनं खोललीत. याच दिवसांत आणखी एक खरेदी हमखास होते, ती मोबाईलची. गेल्या मोसमात कुणाचा पाण्यात पडला, कुणाची काच फुटली, कुणाचा खाऱ्या वाऱ्याने चार्जिंगच घेईना. मग दुकानात जाऊन विचारायचं, "होडीवर टिकेल असा दाखव." आणि दुकानदार काय दाखवतो? कॅमेरा!

त्याची चूक नाही. त्याच्याकडे जे येतं तेच तो विकणार. पण फोन एवढा स्वस्त कसा झाला, आणि एवढा स्वस्त होऊनही आपल्या कामाला अर्धाच का येतो, हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढच्या खरेदीत पैसे पाण्यात जाणार नाहीत. तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे: किंमत, कंपन्यांची स्पर्धा आणि वस्तूची घडण, म्हणजे डिझाईन.

*वडकऱ्याची तारली*

सुरुवात आपल्याच धंद्यातल्या गोष्टीने करूया. १४ जानेवारी १९९७. उत्तर केरळातल्या वडकरा किनाऱ्यावर ११ मच्छीमार तारली घेऊन आले, पण गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मासळी फेकून द्यायची वेळ आली. आणि त्याच सकाळी, १५ किलोमीटरच्या आत, चोंबाल आणि कोयिलांडी या दोन ठिकाणी २७ व्यापारी मासळी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हाताने परत निघाले होते. इकडे मासळी सडतेय, तिकडे गिऱ्हाईक उपाशी. एकमेकांना सांगायची सोयच नव्हती.

ही नोंद रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाची. १९९६ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या बाजारांची आठवड्याच्या आठवड्याला माहिती गोळा करून त्याने २००७ साली अभ्यास छापला. १९९७ पासून तिथे एकेका भागात मोबाईलचे टॉवर येत गेले. टॉवरची रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत जायची. मग काय, होडी दर्यात असतानाच लोक दोन-चार बाजारांत फोन लावून भाव विचारू लागले आणि जिथे भाव बरा तिथे होडी वळवू लागले.

फरक किती पडला? आधी पकडीतली ५ ते ८ टक्के मासळी विकली न जाता वाया जायची, ती जवळपास थांबली. मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला. आणि गंमत म्हणजे खाणाऱ्यालाही तारली ४ टक्के स्वस्त मिळाली. कुणाच्या ताटातलं काढून कुणाला दिलं नाही, वाया जाणारं वाचलं आणि तेच दोघांत वाटलं गेलं.

त्या वेळी हँडसेटच कित्येक हजारांचा होता आणि बोलण्याचे पैसे वेगळे. तरी २००१ पर्यंत तिथल्या निम्म्याहून जास्त होड्यांवर फोन आला. म्हणजे महाग वस्तूही माणूस घेतो, जर ती घातलेले पैसे परत मिळवून देत असेल तर. किंमत नुसत्या पैशात मोजायची नसते, कामात मोजायची असते.

*सोळा रुपयांचं मिनिट*

आता भाव कसा उतरला ते बघा. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतले दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाचा दर आठ ते सोळा रुपयांपर्यंत जायचा, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे लागायचे! फोन वाजला की लोक नंबर बघून कट करायचे आणि बाजूच्या बूथवरून उलटा फोन लावायचे.

पुढे भाव कुणाच्या दयेने उतरला नाही. १९९९ साली सरकारने कंपन्यांची ठरलेली भारी लायसन्स फी काढून त्याऐवजी कमाईतला हिस्सा घ्यायचं ठरवलं. त्यामुळे कंपन्यांना थोडे आणि श्रीमंत गिऱ्हाईक धरण्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक जोडणं परवडू लागलं. २००२ च्या शेवटाला बीएसएनएल आणि रिलायन्स दोघेही मोबाईलच्या मैदानात उतरले. २००३ पासून आलेला कॉल फुकट झाला. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाच्या हिशेबाने पैसे घ्यायला सुरुवात केली, तर बाकीच्यांनाही मागोमाग यावं लागलं. २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आला, आणि इंटरनेटचा भाव कुठल्या कुठे उतरला. जे एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचं, ते लोक दिवसाला संपवू लागले.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. त्या मारामारीत छोट्या कंपन्या टिकल्या नाहीत. एअरसेल बंद पडली, टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज तीन खाजगी कंपन्या आणि एक सरकारी. आणि जुलै २०२४ मध्ये काय झालं आठवतंय ना? तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात रिचार्ज वाढवले.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. लिलावाला दहा व्यापारी उभे असले तर इसवणाला भाव मिळतो, तीनच आले आणि तिघांचं आपसात जमलं तर आपण हात चोळत बसतो. इथे फक्त आपण विकणाऱ्याच्या जागी नाही, घेणाऱ्याच्या जागी आहोत.

*टॉर्चवाला फोन*

भाव उतरणं ही अर्धी गोष्ट. वस्तू हातात टिकली पाहिजे.

२००३ साली नोकियाने ११०० नावाचा फोन काढला. ज्यांच्या हातात पहिल्यांदाच फोन येणार होता, अशा लोकांसाठी. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. पण कीपॅड अखंड रबराचा, म्हणजे बटणांच्या फटीत धूळ शिरायची नाही. कडा अशा की घामेजल्या हातातून निसटू नये. आणि वरच्या टोकाला छोटा टॉर्च. लाईट गेली की घरात, आणि रात्री जाळ्यात काही अडकलं की होडीवर, तो टॉर्च किती कामाला आला हे चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवेल. जगभरात हा फोन २५ कोटींच्या वर विकला गेला. ज्यांनी तो केला त्यांनी आधी विचारलं होतं की वापरणारा माणूस उभा कुठे असतो, त्याच्या हाताला काय लागलेलं असतं, वीज किती तास असते. चांगलं डिझाईन म्हणजे हेच. चकचकीत दिसणं ही नंतरची गोष्ट.

तोच नोकिया पुढे एका साध्या गोष्टीत मागे पडला, दोन सिममध्ये. आपल्याकडे लोकांना दोन सिम हवी होती, कारण एकाचा दर इथे स्वस्त तर दुसऱ्याची रेंज तिथे बरी. मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी आणि चीनहून आलेल्या स्वस्त हँडसेटनी ते आधी दिलं, मोठी बॅटरीही दिली, आणि बाजार खाल्ला. दुसऱ्या सिमच्या त्या खाचेमुळे एकाच खिशात दोन कंपन्या एकमेकींशी भांडू लागल्या. गिऱ्हाईकाच्या हातात निवड आली. चांगलं डिझाईन स्पर्धासुद्धा वाढवतं, ती अशी.

*काचेचा जमाना*

मग आला टचस्क्रीन. त्याने आपल्याला बरंच दिलं: नकाशा, हवामान, व्हॉट्सॲपवर जेटीचा भाव, हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेकडून येणारी मासळी कुठे मिळेल याची सूचना. हे नाकारून चालणार नाही.

पण आता स्पर्धा कशावर चालते? पातळ किती, काच मोठी किती, कॅमेरा केवढा. कारण लाखोंनी फोन घेणारा गिऱ्हाईक शहरात, पंख्याखाली, कोरड्या हाताने फोन वापरतो. कंपनी त्याच्यासाठी बनवते. आपण त्या हिशेबात नाही.

म्हणून बघा, टचस्क्रीन बोटातल्या विजेच्या हलक्या फरकावर चालतो. खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की तो पाण्यालाच बोट समजतो. हात ओले असताना नंबर लागत नाही तो यामुळे. मागचं झाकण उघडून बॅटरी बदलायची सोय गेली. आणि चार्जिंगचं भोक, जिथे खार सगळ्यात आधी बसतो, ते तसंच उघडं.

"वॉटरप्रूफ" या शब्दाबद्दलही थोडं. डब्यावर आयपी ६७ किंवा आयपी ६८ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते, नव्या फोनवर होते. आतलं सील फोन पडून, तापून सैल होत जातं. आणि पाणी शिरून फोन बिघडला तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसत नाही. डब्यावर पाण्याचा भरवसा आणि कागदावर पाण्याची जबाबदारी नाही, असा हा कारभार.

*टॉवर संपतो तिथे*

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरची सगळी स्पर्धा, सगळी स्वस्ताई टॉवरच्या रेंजपुरती आहे. त्यापुढे दर्यात कुठलीही कंपनी गिऱ्हाईक शोधायला येत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक थोडे आणि खर्च मोठा.

२०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी होड्या आठवडाभराच्या फेरीला खोल दर्यात होत्या. इशारा किनाऱ्यावर पोचला, त्यांच्यापर्यंत पोचला नाही. कित्येक परत आलेच नाहीत. त्यांच्याकडे फोन नव्हते असं नाही. फोन तिथे मुका होता.

त्यानंतर जी उपकरणं आली ती बाजाराने नाही, सरकारी संस्थांनी आणली. २०१९ मध्ये इन्कॉईसने जेमिनी काढलं. ते उपग्रहाचा इशारा घेऊन ब्लूटूथने मोबाईलवर दाखवतं, पण त्यावरून उलट निरोप पाठवता येत नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशातल्या १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. त्यातून निरोप दोन्ही बाजूंनी जातो, संकटाची हाकही मारता येते. योजनेचा खर्च ३६४ कोटी, म्हणजे नौकेमागे ३६ हजारांच्या वर. दहा हजारांत स्मार्टफोन मिळतो आणि जीव वाचवणारा डबा त्याच्या तिप्पट-चौपट पडतो, कारण पहिला कोट्यवधी लोक घेतात आणि दुसरा आपल्यासारखे थोडे. म्हणूनच ही गोष्ट बाजारावर सोडून चालत नाही. आणि मिळाला तर तो डबा केबिनच्या कोपऱ्यात वायर काढून ठेवायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

*दुकानात जाण्याआधी*

१. फोन जेटीपर्यंतचा सोबती आहे, खोल दर्यातला नाही. रेंजबाहेर व्हीएचएफ सेट आणि ट्रान्सपॉन्डर, त्याला पर्याय नाही. व्हीएचएफचा चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर प्रत्येक खलाशाला पाठ हवा.

२. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. आपल्या पट्ट्यात कुणाची रेंज लांब जाते ते जेटीवर विचारा, जाहिरातीला विचारू नका.

३. महागड्या वॉटरप्रूफ फोनपेक्षा साधा फोन आणि घट्ट बंद होणारी पिशवी बऱ्याचदा स्वस्त पडते. सोबत बटणवाला एक फोन ठेवा. ओल्या हाताने लागतो तो तोच.

४. ओला फोन चार्जिंगला लावू नका. भोक पूर्ण सुकू द्या.

५. कॅमेरा बघण्याआधी विचारा: बॅटरी किती टिकते, दुरुस्ती गावात होते का, काच बदलायला किती लागतात.

दुकानदाराला हे प्रश्न दहा जणांनी विचारले तर अकराव्याला तो स्वतःहून सांगेल. भाव तीन कंपन्या मिळून ठरवतील, काच जाड की पातळ ते परदेशात ठरेल. पण आपल्याला काय हवं ते आपण मागितलंच नाही, तर बनवणाऱ्याला कळणार कसं?

तुमच्या होडीवर कुठला फोन किती मोसम टिकला, आणि कशाने गेला, ते खाली लिहा. १ ऑगस्टच्या आधी घेणाऱ्यांच्या कामाला येईल.