दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा?

घरच्या संगणकात एक अँटीव्हायरस असताना दुसरा टाकला की सुरक्षा दुप्पट होते, असे अनेकांना वाटते. होते उलटेच. उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासू लागतात, संगणक रखडतो. कधी एकाने अडकवून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला नवा धोका वाटतो आणि इशाऱ्यांचा भडिमार सुरू होतो. म्हणूनच विंडोज १० आणि ११ मध्ये दुसरा अँटीव्हायरस टाकला, की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो.

खरी डोकेदुखी मुदत संपलेल्या अँटीव्हायरसची. लॅपटॉपसोबत मोफत आलेला तो तसाच पडून राहतो. नवा टाकण्यापूर्वी जुना अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करा. दुसरे मत हवेच असेल, तर सांगितल्यावरच तपासणी करणारा स्कॅनर ठेवायला हरकत नाही.